क्विन्यॉन मिचेल : सहापैकी चार इंटरसेप्शन्स एकाच सामन्यातली, मग या कॉर्नरबॅकला जोखायचे कशावर?

हिरवा_झेंडा
२७ एप्रिल २०२४

नमस्कार मंडळी,

गुरुवारी रात्री डेट्रॉइटमध्ये झालेल्या एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडसोहळ्यात, आपल्या फिलाडेल्फिया ईगल्सने पहिल्या फेरीत, एकंदर २२व्या क्रमांकावर, टोलेडो विद्यापीठाचा कॉर्नरबॅक (पास झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) क्विन्यॉन मिचेल याची निवड केली. पहिल्या फेरीत कॉर्नरबॅक घेण्याची ईगल्सची ही २००२ सालच्या लिटो शेपर्डनंतरची पहिलीच वेळ आहे, त्यामुळे निवड जाहीर होताच मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. यंदा पहिले चौदाच्या चौदा खेळाडू आक्रमणफळीतले निवडले गेले. त्याचा फायदा असा झाला की निवडीच्या क्रमात वर सरकण्यासाठी एकही निवड खर्च न करता, या वर्षी सर्वांत आधी निवडला गेलेला कॉर्नर आपल्याच पदरात पडला.

त्याची गरज किती होती हे गेला हंगाम पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. १० विजय आणि १ पराभव अशा स्थितीतून आपण ११-६ वर येऊन थांबलो, आणि टॅम्पा बेने पहिल्याच प्लेऑफ सामन्यात ३२-९ असे हरवले. संपूर्ण नियमित हंगामात आपल्या बचावाने पासवर ३५ टचडाऊन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेण्याची संधी) दिले. आपल्या कॉर्नरांपैकी डेरियस स्ले ३३ वर्षांचा आहे आणि जेम्स ब्रॅडबरीचा वेग गेल्या वर्षी स्पष्टपणे मंदावलेला दिसला.

आता माझा प्रश्न. मिचेलची उंची ६ फूट, वजन १९५ पौंड आणि कंबाइनमधली (ड्राफ्टपूर्वीच्या चाचण्यांमधली) ४० यार्डांची धाव ४.३३ सेकंदांची आहे. या आकड्यांबद्दल कोणाची तक्रार असणार नाही. परंतु त्याची महाविद्यालयीन कारकीर्द पाहताना मी एका जागी अडखळलो. त्याच्या नावावर एकूण सहा इंटरसेप्शन्स (प्रतिस्पर्ध्याचा पास मधेच झेलणे) आहेत आणि त्यांतली चार ऑक्टोबर २०२२ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयविरुद्धच्या एकाच सामन्यातली आहेत, ज्यांतल्या दोनांवर त्याने थेट टचडाऊन केले. म्हणजे तो एक दिवस वगळला तर उरतात दोन. २०२३ च्या पूर्ण हंगामात एकच. मग पहिल्या फेरीतल्या कॉर्नरकडून आपण नेमकी कोणती अपेक्षा ठेवायची? मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधल्या, म्हणजे टोलेडोच्या विद्यापीठ गटातल्या, प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या कामगिरीला किती वजन द्यायचे? आणि तो पहिल्याच सामन्यात सुरुवातीच्या अकरांत असावा का? ज्यांनी त्याचे सामने नीट पाहिले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दुसरी_फळी
२७ एप्रिल २०२४

हिरवा_झेंडा, प्रश्न योग्य आहे, पण इंटरसेप्शन्सची संख्या हा कॉर्नरबॅक जोखण्याचा सर्वांत फसवा मार्ग आहे असे माझे ठाम मत आहे. इंटरसेप्शन होण्यासाठी चेंडू तुमच्या दिशेने यावा लागतो आणि शिवाय तो चुकलेला असावा लागतो. या दोन्ही गोष्टी पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातात असतात. कॉर्नरच्या हातात असते ते इतकेच, की चेंडू येईल तेव्हा आपला हात तेथे पोहोचलेला असावा. म्हणूनच २०२३ मधल्या त्या एका इंटरसेप्शनपेक्षा त्याच हंगामात त्याने हाणून पाडलेले १८ पास मला अधिक काही सांगतात. ज्या हंगामाआधी प्रत्येक प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाला त्याचे नाव ठाऊक झालेले होते, त्या हंगामातले हे १८ पास आहेत.

त्याचा खेळ पाहताना मी चेंडूकडे न पाहता फक्त त्याच्या पायांकडे आणि मानेकडे पाहत होतो. टोलेडोमध्ये तो बहुतांश वेळ रिसीव्हरपासून सात-आठ यार्ड मागे उभा राहून खेळला, ज्याला आपण ऑफ कव्हरेज म्हणतो. ही सैल बचावाची पद्धत वाटते, कारण समोरच्याला मोकळे अंतर दिलेले असते. प्रत्यक्षात ती डोळ्यांची परीक्षा असते. स्नॅपनंतर (चेंडू मागे देऊन चाल सुरू झाल्यावर) पहिली दोन-तीन पावले क्वार्टरबॅक किती मागे जातो ते वाचायचे, चेंडू झटकन सुटणार नाही अशी खात्री पटली की नजर रिसीव्हरच्या कमरेवर आणायची, आणि त्याने रूट (धावण्याचा ठरलेला मार्ग) मोडला त्याच क्षणी मागचा पाय जमिनीत रोवून पुढे झेपावायचे. येथे अर्धे पाऊल वाया गेले तर दहा यार्ड गेले. मिचेलचे ते अर्धे पाऊल वाया जात नाही. मागे सरकत असतानाही तो कंबर इतकी खाली ठेवतो की थांबून पुढे येताना त्याला वेगळा श्वास घ्यावा लागत नाही, आणि ४.३३ चा वेग त्या झेपेत दिसतो. सरळ रेषेत धावताना त्याची गरज फारशी पडत नाही.

आता हे आपल्याकडे का महत्त्वाचे, ते सांगतो. नवे बचाव समन्वयक व्हिक फँजिओ यांची पद्धत दोन सेफ्टी (सर्वांत मागे राहणारे बचावपटू) खोल ठेवण्याची आहे. क्वार्टर्स म्हणजे मागचे मैदान चार खेळाडूंत वाटून घेणे, आणि कव्हर सिक्स म्हणजे एका बाजूला क्वार्टर्स व दुसऱ्या बाजूला सेफ्टीने अर्धे मैदान सांभाळणे, हे त्यांचे रोजचे भांडवल. या पद्धतीत कॉर्नर बराच काळ मागे उभा राहतो, चेंडू आपल्या डोक्यावरून जाऊ देत नाही आणि समोर पडलेल्या प्रत्येक पासवर तुटून पडतो. मिचेल कित्येक महिने जे करत आला तेच त्याला येथे करायचे आहे.

फँजिओंच्या हाताखाली घडलेल्या कॉर्नरचे उदाहरण द्यायचे तर काइल फुलरचे द्यावे लागेल. शिकागो बेअर्सने त्याला २०१४ मध्ये १४व्या क्रमांकावर घेतले, पुढच्या वर्षी फँजिओ तेथे आले, २०१६ चा पूर्ण हंगाम त्याने दुखापतीत गमावला, आणि २०१८ मध्ये त्याच फुलरने सात इंटरसेप्शन्ससह लीगमध्ये संयुक्तपणे पहिला क्रमांक मिळवून ऑल-प्रोच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या संघात जागा पटकावली. आधीच्या वर्षी, २०१७ मध्ये, त्याची दोनच इंटरसेप्शन्स होती, पण तेव्हाही तो तितकाच चांगला खेळत होता; पास त्याच्या हातांना लागून खाली पडत होते, एवढाच फरक. मिचेलचे पहिल्या वर्षी एकही इंटरसेप्शन झाले नाही, तरी मी त्याला अपयशी म्हणणार नाही, हे आजच लिहून ठेवतो.

चौथा_डाऊन
२८ एप्रिल २०२४

दुसरी_फळी यांनी फार चांगले लिहिले आहे, तरीही मला इतका उत्साह वाटत नाही. माझी शंका मिचेलच्या गुणांबद्दल नसून, त्याच्या गुणांची खरी परीक्षा किती वेळा झाली याबद्दल आहे. टोलेडोला वर्षातून एखाद-दुसराच सामना बलाढ्य कॉन्फरन्समधल्या संघाशी खेळावा लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये ओहायो स्टेटने टोलेडोवर ७७ गुण चढवले होते. त्या पराभवाचा ठपका एका कॉर्नरवर ठेवणे अन्यायाचे होईल, परंतु पहिल्या फेरीत जाणारे रिसीव्हर समोर आले की संपूर्ण फळीचे काय होते ते त्या दिवशी दिसले.

आणखी एक गोष्ट चर्चेत क्वचितच येते, ती म्हणजे नियम. महाविद्यालयीन खेळात चेंडू हवेत जाईपर्यंत कॉर्नरला रिसीव्हरच्या अंगाला हात लावण्याची बरीच मोकळीक असते. एनएफएलमध्ये पाच यार्डांच्या पलीकडे तसा स्पर्श झाला की पाच यार्ड दंड होतो आणि त्याबरोबर प्रतिस्पर्ध्याला आपोआप पहिला डाऊन (चालींची नवी मालिका) मिळतो. पास इंटरफेरन्सचा (पास झेलणाऱ्याला बेकायदा अडवण्याचा) दंड महाविद्यालयात जास्तीत जास्त १५ यार्डांचा असतो, तर येथे जेथे चूक घडली तेथेच चेंडू ठेवला जातो, मग ते अंतर ४५ यार्डांचे का असेना. मिचेल रूटच्या टोकाला पोहोचताना रिसीव्हरच्या दंडाला किंवा जर्सीला हात लावतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्याच्या हातांची लांबी ३१ इंच आहे, जी बाहेरच्या कॉर्नरसाठी फार नाही, आणि हात आखूड असलेल्या खेळाडूला पकडण्याचा मोह अधिक होतो. पहिल्या वर्षी त्याच्याविरुद्ध पिवळे रुमाल (पंचांची दंडाची खूण) पडतील, याची आपण मानसिक तयारी ठेवावी.

तिसरा मुद्दा मैदानाचा. महाविद्यालयात हॅश खुणांमधले (चाल ज्यांच्या दरम्यान सुरू होते त्या दोन ओळींमधले) अंतर ४० फूट असते आणि एनएफएलमध्ये अवघे साडेअठरा फूट. महाविद्यालयात चेंडू एका हॅशवर असला की दुसऱ्या बाजूला तब्बल १०० फूट रुंदीचे मैदान मोकळे राहते आणि तेथवर पास फेकायला क्वार्टरबॅकला इतका वेळ लागतो की कॉर्नरला चेंडू हवेत असतानाच मोठे अंतर कापता येते. मिचेलच्या ज्या झेपांचे कौतुक चालले आहे, त्यांतल्या काही अशा लांब प्रवास करणाऱ्या पासवरच्या आहेत. एनएफएलमध्ये चेंडू नेहमी मैदानाच्या मध्याजवळ असतो, फेक छोटी असते आणि फेकणाऱ्याचा हातही अधिक वेगवान असतो. तीच झेप येथे पाव सेकंद उशिराची ठरू शकते.

दुसरी_फळी
२८ एप्रिल २०२४

हॅश खुणांचा मुद्दा मला मान्य आहे आणि मी तो लक्षात घेतला नव्हता, हेही मान्य करतो. मात्र नाण्याची दुसरी बाजू अशी की महाविद्यालयात रिसीव्हरचा एकच पाय आत पडला तरी झेल वैध ठरतो, तर एनएफएलमध्ये दोन्ही पाय लागतात. त्यामुळे सीमारेषा हाच कॉर्नरचा जोडीदार होतो, आणि मिचेल रिसीव्हरला बाहेरच्या बाजूला दाबण्यात आधीपासूनच तरबेज आहे.

प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाबद्दल म्हणाल तर फेब्रुवारीत अलाबामातल्या मोबील येथे झालेल्या सीनिअर बोलचा (महाविद्यालयीन खेळाडूंच्या ड्राफ्टपूर्वीच्या सामन्याचा) सराव आठवावा. तेथील एकास-एक कवायतीत कॉर्नरला ना सेफ्टीची मदत असते ना पास रशची (क्वार्टरबॅकवर चालून जाणाऱ्यांची), रिसीव्हरला सगळे मैदान आणि हवा तेवढा वेळ असतो. ती कवायत कॉर्नरने हरावी अशाच रचनेची आहे. मोठ्या विद्यापीठांचे रिसीव्हर समोर असताना मिचेलने तेथे अगदी अंगाला भिडून प्रेस कव्हरेज खेळून दाखवले आणि आठवडाभर त्या सरावात त्याचेच नाव चर्चेत राहिले. टोलेडोमध्ये प्रेस कव्हरेज कमी खेळला म्हणून त्याला ते येत नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्यांना उत्तर त्या आठवड्यात मिळाले. आणि मिड-अमेरिकन कॉन्फरन्सबद्दल एवढेच सांगेन की नावाजलेला बचावपटू खलील मॅक बफेलोहून, म्हणजे याच कॉन्फरन्समधून आला होता.

हिरवा_झेंडा
२८ एप्रिल २०२४

दोघांचेही मनापासून आभार. नियमांतला फरक मला ढोबळमानाने ठाऊक होता, पण तो एका विशिष्ट खेळाडूच्या सवयींना लावून कोणी समजावले नव्हते.

एक उपप्रश्न. शुक्रवारी आपण वॉशिंग्टनशी सौदा करून ४०व्या क्रमांकावर आयोवाचा कूपर डिजीन घेतला. आता बाहेर स्ले, ब्रॅडबरी, केली रिंगो आणि आयझाया रॉजर्स, आत स्लॉटमध्ये (मैदानाच्या मध्याकडच्या रिसीव्हरसमोर) एव्हॉन्टे मॅडॉक्स, आणि त्यांत हे दोघे नवे. मिचेलला स्लॉटमध्ये खेळवावे असे काही जण म्हणत आहेत. हे योग्य होईल का?

जुना_पाठीराखा
२९ एप्रिल २०२४

या उपप्रश्नाचे उत्तर देण्याआधी मला थोडे मागे जावे लागेल, कारण मी या संघाच्या कॉर्नरबॅक्सच्या नादी बराच काळ लागलेलो आहे आणि त्यांनी मला आनंदापेक्षा मनस्तापच अधिक दिला आहे.

२००२ च्या ड्राफ्टमध्ये तेव्हाचे प्रशिक्षक अँडी रीड यांनी शेपर्डला २६व्या आणि शेल्डन ब्राऊनला ५९व्या क्रमांकावर घेतले, म्हणजे यंदासारखेच पहिल्या दोन फेऱ्यांत दोन कॉर्नर. त्या वेळी ट्रॉय व्हिन्सेंट आणि बॉबी टेलर हे दोन्ही खंदे कॉर्नर संघात होते, आणि नव्या दोघांना कोणीही घाईने मैदानात ढकलले नाही. दोन हंगाम त्यांनी मुख्यतः मागे बसून शिकण्यात घालवले. २००४ मध्ये व्हिन्सेंट व टेलर संघ सोडून गेल्यावर जागा त्यांच्याकडे आल्या, शेपर्ड त्याच वर्षी प्रो बोलला (निवडक खेळाडूंच्या सन्मानाच्या सामन्याला) गेला आणि ईगल्स सुपर बोलपर्यंत (अंतिम सामन्यापर्यंत) पोहोचले. ती दोन वर्षांची प्रतीक्षा वाया गेली असे आज कोणी म्हणेल काय?

त्यानंतरचा इतिहास मात्र दुःखद आहे. २०११ मध्ये मोठा गाजावाजा करून नामदी असोमुघा याला आणले. ओकलंडमध्ये तो रिसीव्हरला स्नॅपपासूनच अडवून, एका बाजूला एकटा खेळणारा कॉर्नर म्हणून नावाजला होता. आपण त्याच्याकडून निरनिराळ्या जागी उभे राहून झोनमध्ये (एका खेळाडूऐवजी मैदानाचा एक भाग राखत) खेळण्याची अपेक्षा केली आणि दोन हंगामांनंतर, २०१३ च्या मार्चमध्ये, त्याला सोडून दिले. २०१५ मध्ये दुसऱ्या फेरीत एरिक रो घेतला आणि वर्षभरातच तो न्यू इंग्लंडला देऊन टाकला. २०१७ मध्ये सिडनी जोन्सला दुसऱ्या फेरीत घेतले तेव्हा तो अकिलीसच्या दुखापतीतून उठत होता, आणि त्याच्याकडून जे हवे होते ते कधीच मिळाले नाही. या साऱ्यांत गुणांचा अभाव हे कारण क्वचितच होते. खेळाडूला जे येत होते आणि संघ त्याच्याकडून जे मागत होता, त्यांत अंतर पडत होते.

म्हणूनच मिचेलला पहिल्या वर्षी स्लॉटमध्ये नेण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. स्लॉट कॉर्नरला सीमारेषेचा आधार नसतो. समोरचा रिसीव्हर डावीकडे, उजवीकडे, सरळ, कोठेही जाऊ शकतो, आणि त्याशिवाय धावचालीत लाइनबॅकरसारखे आत शिरून टॅकलही करावे लागते. फँजिओंच्या पद्धतीत दोन सेफ्टी खोल असल्यामुळे धाव रोखणारे पुढचे खेळाडू कमी पडतात, आणि ती उणीव बरीचशी स्लॉटमधल्या खेळाडूने भरून काढायची असते. डिजीन या कामासाठी मला अधिक योग्य वाटतो. आयोवामध्ये तो झोन बचावात वाढला, पंट (प्रतिस्पर्ध्याने लाथेने दूर मारलेला चेंडू) परतवण्याचे काम केल्यामुळे गर्दीत वाट काढण्याची त्याला सवय आहे, आणि टॅकल करताना तो कचरत नाही. नोव्हेंबरमध्ये त्याचा पाय मोडला होता, तेव्हा त्याला सावकाश आणावे लागेल, हे खरे.

मिचेलला बाहेरच, आणि शक्य असेल तर एकाच बाजूला, स्थिर ठेवावे. चौथा_डाऊन यांच्या शंका रास्त आहेत, पण त्यांवर उपाय सरावातच सापडेल. आणि सरावात त्याच्यासमोर रोज आपले रिसीव्हर ए. जे. ब्राऊन आणि डेव्होंटा स्मिथ उभे राहणार आहेत. एक ताकदीने बाजूला सारणारा आणि दुसरा पावलांनी चकवणारा. नवख्या कॉर्नरला याहून चांगली शाळा या लीगमध्ये फार थोड्या ठिकाणी मिळेल. शेजारी स्लेही आहे, ज्याला २०१३ मध्ये डेट्रॉइटकडून पदार्पण करताना सुरुवातीची जागा टिकवता आली नव्हती आणि ज्याने २०१७ मध्ये आठ इंटरसेप्शन्स केली. नवख्याला काय सोसावे लागते, हे त्याला सांगण्याचा अधिकार स्लेइतका कोणाला आहे?

मला विचाराल तर नोव्हेंबरपर्यंत ब्रॅडबरी किंवा रॉजर्स यांना खेळवून मिचेलला हळूहळू पुढे आणावे.

दुसरी_फळी
२९ एप्रिल २०२४

जुना_पाठीराखा यांच्या प्रत्येक आठवणीशी सहमत आहे, पण शेवटच्या वाक्याशी नाही. २००२ मध्ये शेपर्ड थांबला, कारण पुढे व्हिन्सेंट आणि टेलर उभे होते. गेल्या वर्षी ३५ टचडाऊन देणाऱ्या फळीत नवख्याने कोणासाठी थांबायचे? आपल्याच विभागात डॅलसचा रिसीव्हर सीडी लॅम्ब आहे, ज्याने २०२३ मध्ये १३५ झेलांतून १,७४९ यार्ड मिळवले. वॉशिंग्टनचा टेरी मॅकलॉरिन आहे, आणि गुरुवारीच जायंट्सने सहाव्या क्रमांकावर मलिक नेबर्स घेतला. यांच्यापैकी प्रत्येकाशी वर्षातून दोनदा गाठ पडणार आहे. मिचेलच्या चुका व्हायच्याच असतील, तर त्या सप्टेंबरमध्ये होऊन जाऊ द्याव्यात.

हिरवा_झेंडा, तुमचा मूळ प्रश्न जोखायचे कशावर हा होता. ऑगस्टमधल्या सराव सामन्यांत दोन गोष्टी पाहा. पहिली, रिसीव्हरने आधी थांबल्याचे भासवून मग खोल धाव घेतली, तर मिचेल फसतो का. पुढे झेपावण्याची घाई असलेल्या कॉर्नरचा हाच जुना कच्चा दुवा असतो आणि प्रत्येक संघ सुरुवातीला तो तपासून पाहणारच. दुसरी, त्याच्या समोर पाच यार्डांचा झेल झाल्यावर तो रिसीव्हरला तेथल्या तेथे खाली पाडतो का. टॅम्पा बेविरुद्धच्या त्या सामन्यात आपल्याला सर्वांत महाग पडले ते सुटलेले टॅकल्स. फँजिओंच्या बचावात असे छोटे झेल होत राहणार, ते गृहीतच धरलेले आहे. पाच यार्डांचे पंचवीस झाले तर मात्र सारी मांडणी कोसळते.

चौथा_डाऊन
३० एप्रिल २०२४

यात माझी एक भर. पहिला नियमित सामना साओ पावलोमध्ये ग्रीन बेशी आहे, आणि त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह याने गेल्या हंगामाच्या उत्तरार्धात खोल पास फार अचूक टाकले होते. मिचेल त्या रात्री सुरुवातीपासून खेळला, तर फसवून खोल धावण्याची ती परीक्षा पहिल्या पंधरा मिनिटांतच होईल. मी माझ्या शंका मागे घेत नाही, मात्र तो खेळावा, या बाबतीत मी दुसरी_फळी यांच्या बाजूचा आहे.